टेस्टिंगचा घोट कुणाच्या लायसन्सवर?

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची निघाली, दारूच्या होलसेलरने ठेवलेलं टेस्टिंग, म्हणजे लोकांना फुकट घोटभर चाखायला देणं, त्यात कायदा काय म्हणतो. बहुतेक पत्रं कॅलिफोर्नियातली, एक पुण्याहून, एक नाशिकहून. मी स्वतः बारा वर्षं कॅलिफोर्नियात एका होलसेलरच्या ऑफिसात लायसन्सच्या फायली सांभाळल्यात, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि उत्तरं जरा लांबलीयेत, सांभाळून घ्या. तुमच्या दुकानाचा शेवटचा निर्णय मात्र आपापल्या भागातल्या एबीसीच्या ऑफिसात, म्हणजे राज्याच्या दारू नियंत्रण खात्यात विचारूनच घ्या.

प्रश्न : ताई, फ्रीमाँटला आमचं छोटंसं लिकर स्टोअर आहे, टाइप २१ लायसन्स. होलसेलरचा सेल्समन म्हणतोय की शनिवारी दुपारी येतो, नवीन आलेली व्हिस्की आणि सोबत दोन वाइन गिऱ्हाइकांना चाखायला देतो, बाटल्या त्याच्या, माणूस त्याचा, आपण फक्त टेबल द्यायचं. फुकटात गिऱ्हाईक वाढत असेल तर नाही कशाला म्हणायचं? बायको म्हणतेय आधी विचारून घे.

दादा, वहिनींचं ऐकलंत ते फार बरं केलंत.

टाइप २१ म्हणजे बंद बाटली विकायची आणि गिऱ्हाइकाने ती घरी न्यायची, एवढंच. तुमच्या दुकानात बाटलीचं झाकण उघडून कुणाच्या हातात घोट द्यायचा हक्क त्या लायसन्समध्ये नाहीये, मग बाटली तुमची असो नाहीतर सेल्समनची. कॅलिफोर्नियात २०११ पासून त्यासाठी वेगळं लायसन्स निघालं, टाइप ८६, त्याला इन्स्ट्रक्शनल टेस्टिंग लायसन्स म्हणतात. ते दुकानदाराने काढायचं असतं, होलसेलरने नाही, आणि इथेच आपले लोक फसतात, कारण सेल्समन अगदी खात्रीने सांगतो की आमच्याकडे सगळी लायसन्सं आहेत. त्याच्याकडे असतीलही हो, पण जागा तुमची आहे ना, मग त्या जागेचं ८६ तुमच्या नावावर पाहिजे. ते सरसकट सगळ्यांना मिळत नाही, दुकान केवढं आहे, तिथे पेट्रोल विकता का, एकूण विक्रीत दारूचा वाटा किती, हे सगळं बघतात, म्हणून अर्ज करायच्या आधी फोन करून विचारा.

आता समजा ८६ मिळालं. तरी तो सेल्समन म्हणतोय तसा शनिवार होणार नाही. एका टेस्टिंगमध्ये एकाच जातीचं पेय ठेवता येतं, एकतर व्हिस्कीसारखी कडक दारू, नाहीतर वाइन, नाहीतर बीअर. व्हिस्की आणि वाइन एकाच टेबलावर मांडली की तिथेच नियम मोडला. त्यात मापं ठरलेली आहेत. कडक दारूचा एक घोट पाव औंसाचा, म्हणजे साधारण ७ मिली, लहान मुलाला खोकल्याचं औषध देतो त्या चमच्याने दीड चमचा होईल एवढाच. वाइनचा घोट एक औंस, म्हणजे ३० मिलीला किंचित कमी. आणि असे घोट एका माणसाला एका दिवसात जास्तीत जास्त तीन. बीअरला घोट मोजत नाहीत, दिवसभरात एका माणसाला आठ औंस, साधारण २३५ मिली, त्याच्या पुढे नाही. वेळ सकाळी १० ते रात्री ९. पैसे घ्यायचे नाहीत, एक डॉलरसुद्धा नाही, नंतर खरेदीत वळते करून देतो म्हणून आधी घ्यायचे असंही नाही.

टेस्टिंगची जागा बाकीच्या दुकानापासून वेगळी दिसली पाहिजे. भिंत घालायची गरज नाही, दोरी, साखळी, तात्पुरतं कुंपण चालतं, पण काहीतरी पाहिजेच, आणि २१ वर्षांखालच्यांना आत प्रवेश नाही अशी पाटी सहज दिसेल अशी लावायची. आपल्याकडे अख्खं कुटुंब दुकानात येतं, बाबा व्हिस्की चाखतायत आणि सात वर्षांची लेक त्यांचं बोट धरून दोरीच्या आत उभी आहे, असं मी किती वेळा बघितलंय. ती काही पीत नसते, पण ती तिथे असणं हाच नियमभंग आहे. दोरीशी एक माणूस फक्त ओळखपत्र बघायला उभा करा आणि त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका. दोरीच्या आतून उघडा ग्लास हातात घेऊन कुणी बाहेर पडता कामा नये, ही जबाबदारी पण त्याच्यावरच द्या.

ओळखपत्रावर एवढा जोर का देतेय ते सांगते. एबीसी आणि पोलीस मिळून वीस वर्षांखालची मुलं मुद्दाम दुकानात पाठवतात, त्यांना डिकॉय म्हणतात, आणि ती मुलं काही मिशी लावून येत नाहीत, साधी कॉलेजची पोरं दिसतात. २१ च्या आतल्या कुणाला दारू दिली तर कॅलिफोर्नियात देणाऱ्या माणसाला १००० डॉलर दंड आणि कमीत कमी २४ तास समाजसेवा, आणि दुकानाच्या लायसन्सवर जी कारवाई होते ती वेगळीच.

ओतायचं काम होलसेलरच्या किंवा त्याने नेमलेल्या माणसाचं, तुमच्या काउंटरवरच्या मुलाने मदत म्हणून ग्लास भरायला जायचं नाही. आणि शेवटचा मुद्दा, जो कुणाच्या लक्षातच येत नाही, संध्याकाळी उरलेल्या बाटल्या. त्या होलसेलरने आणलेल्या असतील तर उरलेलं सगळं त्यानेच दुकानातून परत न्यायचं. "राहू द्या हो, तुम्हाला घ्या" असं म्हणून तो अर्धी बाटली ठेवून गेला तर ती तुमच्यासाठी फुकट मिळालेली वस्तू ठरते. सीलबंद बाटल्या ठेवून गेला तर त्याहून वाईट. दुसरा मार्ग असा की तो तुमच्याच शेल्फवरच्या बाटल्या विकत घेऊन टेस्टिंगला वापरतो, पण मग तुम्ही त्या ज्या दराने त्याच्याकडून घेतल्या त्या बिलाच्याच दराने त्याने घ्यायच्या, तुमच्या विक्रीच्या किमतीने नाही.

तुम्ही म्हणाल, साधा घोट तो काय आणि एवढे किचकट नियम का. त्याचं मूळ जुनं आहे. अमेरिकेत १९२० मध्ये दारूबंदी आली त्याच्या आधी बीअरच्या कंपन्या गावोगावचे गुत्ते पोसायच्या, भाडं भरायच्या, फर्निचर द्यायच्या, उधारी द्यायच्या, आणि बदल्यात त्या गुत्त्यात फक्त त्यांचीच बीअर. असल्या गुत्त्याला टाइड हाउस म्हणायचे, बांधलेलं दुकान. मालकाला कंपनीचं देणं फेडायचं असायचं, मग गिऱ्हाइकाला पाजत राहायचं, पगाराच्या दिवशी घरी काही पोचायचंच नाही. ५ डिसेंबर १९३३ ला दारूबंदी उठली, आणि १९३५ च्या केंद्राच्या कायद्यात आणि बहुतेक राज्यांच्या कायद्यात हे बांधून घेणं मोडायची कलमं आली. बनवणारा वेगळा, होलसेलर वेगळा, दुकानदार वेगळा, आणि वरच्याने खालच्याला फुकट काही द्यायचं नाही, ज्याला कायद्याच्या भाषेत थिंग ऑफ व्हॅल्यू म्हणतात, किंमत असलेली कुठलीही वस्तू. टेस्टिंग हे त्या मनाईला दिलेलं छोटंसं सवलतीचं दार आहे. म्हणून त्या दाराची उंची-रुंदी इतकी मोजून दिलीय. एबीसीचा माणूस आला की तो घोट किती मिलीचा हे बघतोच, पण त्याच्याआधी विचारतो की ह्यात दुकानदाराला काय मिळालं. हा प्रश्न तुम्ही आधीच स्वतःला विचारलात तर निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

प्रश्न : मी स्वतः होलसेलरकडे सेल्सला आहे, सॅन होजे भागात, दोन वर्षं झाली. दुकानदार आपलेच लोक, ओळखीचे. टेस्टिंगच्या दिवशी कुणी म्हणतं चार केस, म्हणजे बाटल्यांची चार खोकी, फुकट टाक, कुणी म्हणतं आमच्या दुकानाचं इन्स्टाग्रामवर जरा छान लिही, कुणी म्हणतं स्टाफला सॅम्पल दे. नाही म्हटलं की ऑर्डर जाते. नक्की कुठे थांबायचं?

तुझ्या पत्रातली घालमेल मला पूर्ण कळतेय रे, मी ह्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून तुझ्यासारख्या पोरांची बिलं तपासायचे. एकेक घेऊ.

फुकट केस : नाही. अर्धी केस पण नाही, "टेस्टिंगसाठी" असं बिलावर लिहून पण नाही. टेस्टिंगच्या निमित्ताने दुकानदाराला भेट, बक्षीस, फुकट माल काहीही देता येत नाही, आणि टेस्टिंग केलंस तरच तुझा माल ठेवतो अशी अट दुकानदारालाही घालता येत नाही. ही दुसरी बाजू दुकानदारांना माहीत नसते, त्यांना शांतपणे सांग, की दादा ह्यात तुमचं पण लायसन्स अडकतं. बहुतेक माणसं तिथेच गप्प होतात, कारण कुणालाच मुद्दाम गुन्हा करायचा नसतो, त्यांना वाटत असतं ही धंद्यातली रीत आहे.

सॅम्पल : इथे थोडी मोकळीक आहे. केंद्राच्या नियमात दुकानदाराला सॅम्पल देता येतं, पण ज्या ब्रँडची खरेदी त्याने तुमच्याकडून गेल्या १२ महिन्यांत केलेली नाही अशाच ब्रँडचं, आणि माप ठरलेलं, बीअर एका ब्रँडची ३ गॅलनपर्यंत, वाइन ३ लिटरपर्यंत, कडक दारू ३ लिटरपर्यंत. म्हणजे ७५० मिलीच्या चार बाटल्या. हे केंद्राचं झालं, राज्याचा नियम त्याहून कडक असला तर राज्याचाच पाळायचा, म्हणून तुमच्या कंपनीत कॅलिफोर्नियासाठी जे माप लिहून दिलंय त्याच्या वर जाऊ नकोस. त्यातली खोच अशी की सॅम्पल हे दुकानदाराने चव बघून माल घ्यायचा का ते ठरवायला असतं, गिऱ्हाइकाला पाजायला नाही आणि शेल्फवर ठेवून विकायला तर मुळीच नाही. मी एकदा एका दुकानात सॅम्पलचं लेबल अर्धवट खरवडून किंमत चिकटवलेली बाटली बघितलीय, आमच्याच सेल्समनने दिलेली, आणि त्याचा खुलासा लिहिताना माझे दोन आठवडे गेले. सॅम्पल देताना तारीख, ब्रँड, माप, कुणाला दिलं, हे लिहून सही घे. वही साधी चालते, पण वही पाहिजे.

स्टाफला शिकवणं : हे करता येतं, आणि मला विचारशील तर मनापासून कर. दुकानातल्या नाहीतर रेस्टॉरंटमधल्या लोकांना वाइन कशी बनते, कशी ठेवायची, कशी वाढायची हे शिकवायचे वर्ग होलसेलर घेऊ शकतो आणि त्यात चाखणं पण आलं. गिऱ्हाइकांच्या टेस्टिंगमध्ये ते मिसळायचं नाही, एवढं सांभाळ.

इन्स्टाग्राम : इथे माझा जीव सगळ्यात जास्त धास्तावतो, कारण पोस्ट टाकायला दहा सेकंद लागतात आणि ती कायमची राहते. होलसेलरने टेस्टिंगची जाहिरात करायला हरकत नाही, दुकानाचं नाव, पत्ता, तारीख, वेळ, कुठल्या बाटल्या असणार, एवढं लिहिता येतं. पण बाटलीची किंमत लिहायची नाही, दुकानाचा फोटो टाकायचा नाही, आणि "शहरातलं सगळ्यात झकास दुकान" असलं कौतुक तर अजिबात नाही. दुकानाचा उल्लेख सगळ्या जाहिरातीत छोटासा, सहज नजरेत न भरणारा असा पाहिजे. कारण होलसेलरने दुकानाची फुकट जाहिरात केली की ती पण किंमत असलेली वस्तूच. हे नुसतं पुस्तकातलं नाही. २०१४ साली सॅक्रमेंटोमध्ये एक वाइनचा कार्यक्रम झाला, त्याला एका सुपरमार्केटची स्पॉन्सरशिप होती, आणि काही वाइनऱ्यांनी त्या कार्यक्रमाबद्दल ट्वीट करताना स्पॉन्सरचं नाव पण घेतलं, एवढ्यावरून एबीसीने त्यांच्यावर आरोप ठेवले होते. एका ट्वीटवरून. म्हणून दुकानदाराला सांग की तुमच्या दुकानाचं कौतुक तुमच्या अकाउंटवरून तुम्हीच करा, आणि तू ते शेअर करत बसू नकोस.

तू विचारलंस कुठे थांबायचं, तर जिथे तुझ्या हातून दुकानदाराच्या हातात काही जातंय आणि ते बिलावर नाही, तिथे थांब. ऑर्डर गेली तर जाऊ दे. मॅनेजरला त्याच दिवशी लेखी कळव की अमुक दुकानाने अमुक मागितलं आणि मी दिलं नाही, एक ओळीची ईमेल पुरते. उद्या काही झालं तर ती ओळ तुझ्या बाजूने उभी राहील.

प्रश्न : मी पुण्यात असते. मुलगा कॅलिफोर्नियात एमएस करतोय, एफ-१ म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर. शनिवार-रविवार एका एजन्सीमार्फत दुकानांत वाइनचं टेस्टिंग करून देतो, तासाचे रोख पैसे मिळतात म्हणे. तो म्हणतो सगळेच करतात. मला झोप नाही.

काकू, तुमची काळजी खरी आहे आणि मी ती हलकी करून सांगणार नाही. मुलगा २१ च्या वरचा असला तरी इथे प्रश्न वयाचा नाहीच, व्हिसाचा आहे. एफ-१ वर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. कॅम्पसच्या बाहेर काम करायचं तर सीपीटी किंवा ओपीटीसारखी रीतसर परवानगी लागते, आणि ते काम शिक्षणाच्या विषयाशी जोडलेलं लागतं. कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलाने दुकानात वाइन ओतणं त्यात बसत नाही. रोख मिळालं, बँकेत गेलं नाही, एजन्सीने कागद दिला नाही, ह्याने काही सुटत नाही. आणि परवानगीशिवाय काम केल्यामुळे स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून राहायचा कायदेशीर दर्जा, गेलं तर ते परत मिळवायचा जो अर्ज असतो त्यात मुळात अटच अशी आहे की तुम्ही बेकायदा काम केलेलं नसावं. म्हणजे परतीचा रस्ता पण तिथेच बंद होतो.

दुसरी गोष्ट त्याला जरूर सांगा. टेस्टिंग करणारा माणूस स्वतः थोडं थोडं चाखत राहतो, गिऱ्हाईक म्हणतं तू पण घे ना, आणि संध्याकाळी गाडी चालवत घरी. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, अजून शिक्षा झालेली नसली, तरी अमेरिकेचं परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करतं, २०१५ पासून हे बऱ्याच विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलंय. मग सुट्टीत घरी आला की परत जाताना नव्याने व्हिसा, पुन्हा मेडिकल, पुन्हा वाट बघणं.

रागावू नका त्याच्यावर, भाडं आणि फी बघितली तर ही मुलं का जातात ते कळतं. पण ह्या शनिवारपासून त्याने जाऊ नये, आणि आत्तापर्यंत जेवढं केलं त्याबद्दल इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलावं. कॉलेजच्या ऑफिसात जाण्याआधी वकिलाशी, हा क्रम लक्षात ठेवायला सांगा. हेच एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधारावर आलेल्या आणि वर्क परमिट नसलेल्या भगिनींनाही लागू आहे, मला तीन पत्रं त्यांची पण आलीयेत, त्यांना वेगळं उत्तर देत नाही. एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांनी सुद्धा लक्षात घ्यावं, तुमची परवानगी फक्त तुमच्या कंपनीच्या कामाची आहे, शनिवारच्या जोडधंद्याची नाही.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये असतो. यंदा एक होलसेलर म्हणाला मी येऊन वाइन टेस्टिंगचं टेबल लावतो, तिकीट लावा, पैसे मंडळाला. कमिटीत दोन तट पडलेत.

तट मोडायला सोपं आहे, शाळेच्या हॉलमध्ये नकोच. सरकारी शाळेच्या आवारात दारू आणणं, देणं, बाळगणं ह्याला कॅलिफोर्नियात मनाई आहे, काही मोजके अपवाद सोडले तर, आणि दिवाळीचं स्नेहसंमेलन हा अपवाद आहे असं गृहीत धरून चालू नका. हॉल बदलायचा असेल तर पुढचं वाचा.

होलसेलरचं लायसन्स हे लायसन्स असलेल्यांना माल विकायचं असतं. तुमच्या मंडळाच्या पाहुण्यांसमोर स्वतःच्या लायसन्सवर टेबल मांडून वाइन द्यायचा हक्क त्याला त्यातून मिळत नाही, आणि वरच्या दुकानदार दादांना सांगितलेलं टाइप ८६ हे फक्त दुकानांसाठी आहे. तुमच्यासारख्या ना-नफा संस्थांना एबीसीकडून एक दिवसाचं लायसन्स मिळतं, ते मंडळाच्या नावावर निघतं, अर्ज किमान दहा दिवस आधी, जागेच्या मालकाची परवानगी लागते आणि पोलिसांची सही पण मागतात. एकदा ते मंडळाच्या नावावर निघालं की जबाबदारी मंडळाचीच, तिकिटाचा हिशेब मंडळाचा, कुणाला जास्त झाली तर सांभाळायचं मंडळाने, आणि बारावीतल्या स्वयंसेवकांना त्या टेबलाच्या आसपास कामाला लावायचं नाही. अध्यक्षांनी सही करण्याआधी मंडळाची विमा पॉलिसी काढून दारूबद्दल काय लिहिलंय तेवढं वाचावं, मी बघितलेल्या काही पॉलिसींत ते सरळ वगळलेलं होतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर आजीआजोबा आणि लहान मुलं असलेल्या फराळाच्या कार्यक्रमात हे टेबल नको. वेगळ्या दिवशी, फक्त मोठ्यांसाठी, निधी जमवायला ठेवायचं असेल तर जरूर ठेवा.

प्रश्न : आम्ही पेनसिल्वेनियात आहोत, तुमच्या कॅलिफोर्नियाच्या उत्तरांवर चाललं तर चालेल का?

नाही चालणार. १९३३ च्या घटनादुरुस्तीने दारूचा कारभार राज्यांच्या हातात दिला, त्यामुळे राज्य बदललं की सगळं बदलतं. तुमच्याकडे तर वाइन आणि कडक दारूची घाऊक विक्री राज्य सरकारचं मंडळच करतं, म्हणजे होलसेलर स्वतः सरकार. मापं, वेळा, कोण ओतणार, सगळं तुमच्या राज्याचं वेगळं. देशभर सारखं काय, तर प्यायचं वय २१, आणि वर सांगितलेला केंद्राचा फुकट वस्तूंचा नियम. केंद्राच्या नियमात होलसेलरला दुकानात टेस्टिंग करायला परवानगी आहे, आणि त्यासाठी दुकानदाराकडूनच बाटल्या घेतल्या तर नेहमीच्या किरकोळ किमतीपेक्षा जास्त पैसे द्यायचे नाहीत, एवढीच अट. बाकी सगळं राज्याच्या खात्याला विचारा.

प्रश्न : नाशिकला आमची घाऊक एजन्सी आहे, एफएल-१. वाइनऱ्यांमध्ये टेस्टिंग चालतं, मग आम्ही कोजागिरीला एका सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये टेस्टिंग ठेवलं तर काय बिघडलं? व्हॉट्सॲपवर निमंत्रण टाकणार होतो.

थांबा, निमंत्रण टाकू नका.

आपल्याकडचा कायदा म्हणजे १९४९ चा, ज्याला आधी मुंबई दारूबंदी अधिनियम म्हणायचे आणि आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. नावातच दारूबंदी आहे, ते लक्षात घ्या. मूळ नियम मनाईचा, आणि लायसन्स, परमिट म्हणजे त्या मनाईतून दिलेली सूट, जेवढी लिहिलीय तेवढीच. एफएल-१ वर तुम्ही वाइन शॉपला, परमिट रूमला, क्लबला माल द्यायचा, म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःचं लायसन्स आहे त्यांना. सोसायटीतल्या देशपांडे काकांच्या हातात ग्लास द्यायचा नाही, फुकट असला तरी नाही.

वाइनरीचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण त्यांची गोष्ट वेगळी आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, द्राक्ष बागाइतदाराला आधार मिळावा म्हणून वाइनऱ्यांना सवलती दिल्या, आणि २००५ मध्ये सुलाने नाशिकजवळ टेस्टिंग रूम सुरू केली, मग बाकीच्यांनी. तिथे टेस्टिंग त्या वाइनरीच्या स्वतःच्या जागेत, तिच्या स्वतःच्या परवान्यावर होतं. तुमचं क्लब हाउस तुमच्या परवान्यावर कुठेच लिहिलेलं नाही. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला हरकत नाही असा निर्णय घेतला होता आणि केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल, तो अमलात आलाच नाही, तरी अजून लोकांच्या मनात आहे की वाइनला आता सगळं मोकळं झालंय. झालेलं नाही.

व्हॉट्सॲपचं म्हणाल तर कायद्याच्या कलम २४ मध्ये दारूच्या जाहिरातीलाच मनाई आहे. सोसायटीच्या ग्रुपवर बाटलीचा फोटो आणि "या, चाखा" असं लिहिणं म्हणजे स्वतःच्या हाताने पुरावा तयार करून दोनशे लोकांना वाटणं.

कार्यक्रम करायचाच असेल तर ज्याच्या नावावर कार्यक्रम, त्याच्या नावावर तात्पुरतं लायसन्स, राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांच्या कार्यालयात अर्ज करून, आणि माल लायसन्स असलेल्या दुकानातून. पिणाऱ्यांकडे परमिट पाहिजे, एक दिवसाचं मिळतं, ते गंमत म्हणून सोडून देऊ नका. वयाचं बंधन आपल्याकडे अमेरिकेपेक्षा कडक आहे, कडक दारूला २५ वर्षं. आणि गाडी चालवणाऱ्याच्या रक्ताचं माप पण, कॅलिफोर्नियात १०० मिली रक्तात ८० मिलीग्रॅमला पकडतात, भारतात ३० च्या वर गेलं की गुन्हा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून कार्यक्रमाच्या आधी सोसायटीच्या गेटवर दोन-तीन रिक्षावाल्यांना रात्रीपुरतं सांगून ठेवा, आणि अधीक्षक कार्यालयात कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात नाही, महिनाभर आधी जा.